इन्शुरन्स लायसन्सचा अभ्यास स्टेट लॉपासून सुरू करा

आमच्या मंडळाच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच, की इथे अमेरिकेत इन्शुरन्स विकायचं लायसन्स काढायचंय, परीक्षा कितपत अवघड असते, पुस्तक कुठलं घ्यायचं. बहुतेक वेळा विचारणारी एखादी मैत्रीण असते, नुकतंच ईएडी (काम करायच्या परवानगीचं कार्ड) हातात आलेलं, मुलं शाळेत जायला लागलेली, आणि फुल टाइम नोकरी धरायची की नाही हे अजून ठरत नसतं. मी आत्तापर्यंत प्रत्येकीला तुकड्यातुकड्यात सांगत आले, कधी फोनवर कधी कार्यक्रमाला भेटल्यावर, आणि दर वेळी काहीतरी सांगायचं राहतंच, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते. मी न्यू जर्सीत असते, आधी लाइफ आणि हेल्थ केलं आणि नंतर प्रॉपर्टी-कॅज्युअल्टी (घर, गाडी, नुकसानभरपाईचा विमा), त्यामुळे उदाहरणं इकडची येतील पण गाभा सगळ्या राज्यांत जवळपास सारखाच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. पुस्तकात स्टेट लॉचा, म्हणजे राज्याच्या विमा कायद्याचा, चॅप्टर एकदम शेवटी असतो आणि सगळेजण तो शेवटीच वाचतात, परीक्षेच्या आदल्या रात्री, डोळे मिटत असताना, नुसते दिवसांचे आकडे घोकून. तो चॅप्टर आधी वाचा. पॉलिसी विकणाऱ्याने काय करायचं नाही आणि का नाही, हे एकदा डोक्यात बसलं ना की बाकीच्या चॅप्टरमधले नियम कोणाला वाचवण्यासाठी आहेत ते आपोआप दिसायला लागतं, आणि मग पाठांतर निम्म्यावर येतं.

त्याआधी एक गोष्ट व्हिसाची, कारण ती चुकली तर बाकी सगळं वाया. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी असेल (२०१५ पासून ठराविक एच-४ वाल्यांना मिळतं) तर नोकरी करता येते, स्वतःचा धंदाही करता येतो, कमिशनवर काम करायला हरकत नाही. पण नवरा किंवा बायको एच-१बी वर आहे आणि ‘साइडला इन्शुरन्स करू’ असा विचार असेल तर तो सोडून द्या, एच-१बी वर ज्या कंपनीने स्पॉन्सर केलंय तिच्याचसाठी काम करता येतं, आणि कमिशन म्हणजे कामाचाच पैसा. भरती करणारे लोक यावर ‘अहो काही होत नाही’ म्हणतात. त्यांचं ऐकू नका, वकिलाला विचारा.

आता ही परीक्षा राज्याची का असते ते. आपल्याकडे भारतात आयआरडीएआय ही विम्यावर नियंत्रण ठेवणारी एकच संस्था सगळ्या देशाला आहे त्यामुळे इथे पन्नास राज्यांचे पन्नास कायदे बघून गोंधळायला होतं. पण त्यामागची गोष्ट मला फार आवडते. सॅम्युअल पॉल नावाचा व्हर्जिनियातला एक एजंट होता, न्यूयॉर्कच्या कंपन्यांच्या पॉलिसी विकायचा, राज्याचं लायसन्स त्याला मिळालं नाही कारण लागणारं डिपॉझिट भरलेलं नव्हतं, तरी त्याने विकली आणि त्याला दंड झाला. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १८६९ मध्ये कोर्टाने सांगितलं की इन्शुरन्स हा राज्याराज्यांमधला व्यापार नाही, राज्याने नियम करावेत. पुढे १९४४ मध्ये साउथ-ईस्टर्न अंडररायटर्सच्या केसमध्ये कोर्टाने हे मत बदललं, आणि लगेच १९४५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने (संसदेने) मॅककॅरन-फर्ग्युसन ॲक्ट करून सगळा कारभार पुन्हा राज्यांकडे दिला. म्हणजे हा सगळा डोलारा कोर्टात पक्का झाला तो लायसन्स नसलेल्या एका एजंटमुळे. परीक्षेत यावर एखादा प्रश्न येतो, पण मी सांगतेय ते त्यासाठी नाही, तर तुमच्या परीक्षेत स्टेटचा भाग वेगळा का असतो ते कळावं म्हणून.

प्रत्यक्षात होतं काय, तर ज्या राज्यात राहता तिथलं रेसिडेंट लायसन्स काढायचं, आणि ते मिळालं की दुसऱ्या राज्यात नॉन-रेसिडेंट लायसन्ससाठी सहसा पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही, अर्ज आणि फी पुरते. परीक्षेआधीचा कोर्स प्रत्येक राज्यात वेगळा. न्यू जर्सीत एका लाइनला (विम्याच्या प्रकाराला) २० तास, म्हणजे लाइफ आणि हेल्थ दोन्ही करायचं तर ४०. फ्लोरिडात लाइफ-हेल्थच्या एकत्र लायसन्सला, ज्याला तिकडे सगळे टू-फिफ्टीन म्हणतात, ६० तास. टेक्ससमध्ये कोर्सची सक्तीच नाही, थेट परीक्षेला बसता येतं, पण सक्ती नाही म्हणून कोर्स करायचा नाही असं मी कोणाला सांगणार नाही. पास व्हायला बहुतेक ठिकाणी ७० लागतात, कॅलिफोर्नियात ६०. परीक्षा घेणाऱ्या कंपन्या तीन, पीएसआय, पिअर्सन व्ह्यू आणि प्रोमेट्रिक, तुमच्या राज्याने ज्याला काम दिलंय तिथे बुकिंग करायचं. काही राज्यांत जनरल आणि स्टेट हे दोन भाग वेगवेगळे पास व्हावे लागतात, एकातले जास्तीचे मार्क दुसऱ्यात धरत नाहीत, तेव्हा तुमच्याकडे कसं आहे ते नीट बघा.

आणि कोर्सचे पैसे भरायच्याही आधी एक करा, परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या राज्याचं कँडिडेट हँडबुक असतं, फुकट असतं, त्यात कुठल्या विषयावर किती प्रश्न येणार ते लिहिलेलं असतं. ते प्रिंट काढून समोर लावून ठेवा. मी बघितलंय की लोक अॅन्युइटीच्या (ठराविक मिळकत देणाऱ्या पॉलिसीच्या) बारीकसारीक टॅक्सच्या नियमांवर आठवडा घालवतात आणि ज्या विषयावर सगळ्यात जास्त प्रश्न आहेत, म्हणजे पॉलिसीतल्या तरतुदी, रायडर (पॉलिसीला जोडलेली जादा तरतूद), ऑप्शन्स, तो विषय धावत उरकतात.

तर स्टेट लॉ. त्यात कमिशनरचे (राज्याच्या विमा खात्याच्या प्रमुखाचे) अधिकार, लायसन्सचे प्रकार, पत्ता बदलला तर किती दिवसात कळवायचं (बऱ्याच राज्यांत ३०), सीईचे (लायसन्स टिकवायला करायच्या शिक्षणाचे) तास, असं सगळं असतं, ते एकदा लिहून काढा आणि दोन-चार वेळा वाचा, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. बोलण्यासारखं आहे ते अनफेअर ट्रेड प्रॅक्टिसेसवर.

ट्विस्टिंग घ्या. एखाद्याची चांगली चालू असलेली जुनी पॉलिसी चुकीची किंवा अर्धवट माहिती देऊन बंद करायला लावायची आणि नवी विकायची. चर्निंग तेच, फक्त पॉलिसी एकाच कंपनीतली. आता हे नुसतं डेफिनिशन म्हणून वाचलं तर दोन दिवसांत विसरायला होतं. पण विचार करा, आपल्या ओळखीतलेच एक गृहस्थ, पन्नाशीतले, बारा-पंधरा वर्षं होल लाइफ (आयुष्यभर चालणारी पॉलिसी) भरतायत, आणि देवळात भेटलेला कोणीतरी त्यांना सांगतो की ही काढून टाका आणि माझी घ्या. नवीन पॉलिसी घेतली की पहिली दोन वर्षं ती पुन्हा कंटेस्टेबल, म्हणजे त्या काळात काही झालं तर कंपनी अर्जातली माहिती उकरून क्लेम नाकारू शकते. आत्महत्येच्या क्लॉजचं (सुरुवातीच्या काळात आत्महत्या झाली तर विम्याची रक्कम मिळत नाही) घड्याळ पुन्हा शून्यापासून. वय वाढलेलं म्हणून प्रीमियम जास्त, मधल्या काळात शुगर निघाली असेल तर आणखी जास्त, जुनी मोडल्याचा सरेंडर चार्ज वेगळा, आणि नवीन कमिशन मात्र विकणाऱ्याला पहिल्याच वर्षी. हे असं एका माणसाच्या आयुष्यावर लावून बघितलं की इनकंटेस्टेबिलिटी, सुइसाइड क्लॉज, सरेंडर व्हॅल्यू, अंडररायटिंग (अर्जदाराची जोखीम तपासणं) असे चार चॅप्टर एकदम जोडले जातात. म्हणूनच रिप्लेसमेंटचे नियम आहेत, ग्राहकाला लेखी नोटीस द्यायची, त्यावर सह्या घ्यायच्या, जुन्या कंपनीला कळवायचं, आणि फ्री लूक (पॉलिसी परत करून पैसे परत घ्यायची मुदत), जो साधारण १० दिवसांचा असतो आणि रिप्लेसमेंटला किंवा ज्येष्ठ नागरिकांना बऱ्याच राज्यांत जास्त असतो. फ्री लूक मोजायचा तो पॉलिसी हातात मिळाल्यापासून, अर्ज भरल्यापासून नाही. हा प्रश्न येतोच.

रिबेटिंगबद्दल मला जरा मनापासून बोलायचंय कारण आपल्या लोकांत हा प्रश्न शंभर टक्के येणार, ‘वहिनी, पॉलिसी तुमच्याकडूनच घेतो, पण तुमच्या कमिशनमधलं आम्हाला किती?’ त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही कारण भारतात हे सर्रास चालतं, खरं तर तिथेही १९३८ च्या इन्शुरन्स ॲक्टच्या कलम ४१ खाली बंदीच आहे. इथे बहुतेक राज्यांत कमिशनमधला वाटा किंवा पॉलिसीत न लिहिलेलं काहीही आमिष म्हणून देणं बेकायदा आहे, फ्लोरिडासारख्या काही ठिकाणी अटी पाळून चालतं. बंदी का? कारण मग घासाघीस करणाऱ्याला स्वस्त आणि गरीब बिचाऱ्या न बोलणाऱ्याला महाग असं होतं, आणि एजंटसुद्धा योग्य पॉलिसी सुचवायच्या ऐवजी जिच्यात परत द्यायला जास्त उरेल ती सुचवायला लागतो. हे कारण लक्षात असेल तर परीक्षेत गिफ्ट कार्ड, डिनर, पहिला हप्ता मी भरते, अशा कुठल्याही रूपात प्रश्न आला तरी ओळखता येतो, आणि घरी आलेल्या पाहुण्यालाही शांतपणे नाही म्हणता येतं.

तसंच प्रीमियमच्या पैशांचं. ओळखीच्याने चेक तुमच्या नावाने दिला आणि तुम्ही तो स्वतःच्या अकाउंटला टाकला, उद्या कंपनीला भरू म्हणून, तर ते कमिंगलिंग झालं, मग हेतू कितीही चांगला असो. एजंट त्या पैशाचा विश्वस्त असतो. आणि कंट्रोल्ड बिझनेस, म्हणजे मुख्यतः स्वतःच्या, घरच्यांच्या पॉलिसी करण्यापुरतंच लायसन्स वापरणं, यावरही बऱ्याच राज्यांत मर्यादा आहे. ‘आपल्या घरच्यांपुरतं काढून ठेवते’ असं म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आता जनरल भाग. बेसिक कन्सेप्ट्सचा चॅप्टर छोटा असतो म्हणून पटकन उरकू नका. आग लागणं हा पेरिल, गॅरेजमध्ये पेट्रोलचे डबे रचून ठेवणं हा फिजिकल हॅझार्ड, मुद्दाम आग लावून क्लेम करायची वृत्ती हा मॉरल हॅझार्ड, आणि ‘इन्शुरन्स आहे ना’ म्हणून दार उघडं टाकून जाणं हा मोराल हॅझार्ड. शेवटच्या दोघांत गल्लत करायला लावणारा प्रश्न हमखास असतो, एकात लबाडी आहे आणि दुसऱ्यात बेफिकिरी एवढं धरून ठेवा. कॉन्ट्रॅक्टमध्ये ॲडहेजनवर लक्ष द्या, पॉलिसी कंपनी एकटीच लिहिते, ग्राहकाला फक्त घे किंवा सोड एवढाच पर्याय, म्हणून शब्दांचा अर्थ संदिग्ध असेल तर कोर्ट ग्राहकाच्या बाजूने अर्थ लावतं. युनिलॅटरल म्हणजे वचनाने बांधलेली फक्त कंपनी, ग्राहकाने प्रीमियम भरलाच पाहिजे असं कोणी सक्तीने करू शकत नाही, नाही भरला तर पॉलिसी लॅप्स होईल एवढंच.

इन्शुरेबल इंटरेस्ट (ज्याचा विमा काढतो त्याचं काही झालं तर आपलं नुकसान होणं) हा तर मला सगळ्यात सुंदर विषय वाटतो. समजा दोन पार्टनर आहेत, एकाने दुसऱ्याच्या आयुष्यावर पॉलिसी काढली, पुढे पार्टनरशिप मोडली पण त्याने प्रीमियम भरणं चालू ठेवलं, आणि काही वर्षांनी तो दुसरा गेला. क्लेम मिळेल का? मिळेल, कारण लाइफमध्ये इंटरेस्ट बघतात तो पॉलिसी घेताना. आता उलटं, घर विकून टाकलं, पण पॉलिसी रद्द करायची राहिली, पुढच्या महिन्यात घराला आग लागली. जुन्या मालकाला काही मिळणार नाही, कारण प्रॉपर्टीत इंटरेस्ट बघतात तो नुकसान होताना. ही दोन उदाहरणं एकाशेजारी एक ठेवली की परत कधी विसरायला होत नाही.

नॉनफॉर्फिचर ऑप्शन्स, म्हणजे प्रीमियम थांबला तरी साठलेली किंमत बुडू नये म्हणून दिलेले पर्याय, तीन आहेत, कॅश सरेंडर, रिड्यूस्ड पेड-अप आणि एक्स्टेंडेड टर्म. प्रीमियम थांबला आणि ग्राहकाने काहीच कळवलं नाही तर आपोआप लागू होतो तो साधारणपणे एक्स्टेंडेड टर्म. का? कारण घरच्यांसाठी मूळ फेस अमाउंट (विम्याची रक्कम) जितके दिवस शक्य तितके दिवस तशीच टिकते. रिड्यूस्ड पेड-अपमध्ये रक्कम कमी होते पण पॉलिसी शेवटपर्यंत राहते. इथेही तोच प्रश्न विचारा, हा नियम कोणासाठी आहे. वयाची चूक घ्या, अर्जात वय चुकीचं लिहिलं असेल तर कंपनी क्लेम नाकारत नाही, भरलेल्या प्रीमियममध्ये खऱ्या वयाला जितकी रक्कम आली असती तितकी देते, आणि हे दोन वर्षांनंतरही लागू. आपल्याकडच्या आधीच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख वेगळी असलेली कितीतरी माणसं आहेत, त्यामुळे हा नियम मला पाठ करावाच लागला नाही.

हेल्थमध्ये आकडे जास्त. युनिफॉर्म प्रोव्हिजन्स (पॉलिसीत घालायच्या ठरलेल्या तरतुदी) १२ सक्तीच्या, ११ ऐच्छिक, आणि त्यातले दिवस सगळ्यांना छळतात. ते सुटे पाठ करू नका, एका क्लेमची गोष्ट म्हणून एका ओळीत लावा. माणूस पडला, पाय मोडला. २० दिवसांत कंपनीला कळवायचं. कंपनीने १५ दिवसांत फॉर्म पाठवायचे. नुकसान झाल्यापासून ९० दिवसांत प्रूफ ऑफ लॉस द्यायचं. प्रूफ दिल्यावर ६० दिवस कोर्टात जायचं नाही, कंपनीला तेवढा वेळ द्यायचा, आणि ३ वर्षांनंतरही जायचं नाही. ग्रेस पिरियड आठवड्याच्या प्रीमियमला ७ दिवस, महिन्याच्या प्रीमियमला १०, बाकी सगळ्यांना ३१. एवढी गोष्ट तुम्ही कोणालाही मराठीत सांगून बघा, मी रात्री भांडी आवरताना नवऱ्याला सांगायचे, त्याने मध्येच ‘पण फॉर्म आलेच नाहीत तर?’ असं विचारलं की मला उत्तर शोधायला लागायचं (साध्या कागदावर लिहून दिलेलं प्रूफ चालतं), आणि ते शोधलेलं पक्कं बसायचं. इंग्रजीत वाचून मराठीत समजावणं हा माझ्या मते या अभ्यासातला सगळ्यात उपयोगी भाग आहे, कारण इंग्रजीतलं वाक्य न कळता पण पाठ होतं, मराठीत सांगताना ते जमत नाही.

कोब्रा (नोकरी सुटल्यावर कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स चालू ठेवू देणारा कायदा) आणि मेडिकेअर (मुख्यतः ६५ नंतरचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स) हे दोन विषय मात्र परीक्षेपलीकडे जाऊन शिका, कारण लायसन्स मिळाल्यावर आपले लोक पहिल्यांदा हेच विचारणार. ले-ऑफ झालेल्या घरातून फोन येतो तेव्हा तुम्हाला माहीत पाहिजे की २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला कोब्रा लागू आहे, नोकरी गेल्यास १८ महिने, घटस्फोट किंवा मृत्यू झाल्यास जोडीदाराला आणि मुलांना ३६ महिने, ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि प्रीमियम १०२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे आतापर्यंत कंपनी भरत होती तो हिस्सासुद्धा आता आपला. तो आकडा बघून लोक हादरतात. आणि कंपनीकडून मिळालेल्या ग्रुप लाइफचं काय हे तर कोणी विचारतच नाही, नोकरी सुटल्यावर ३१ दिवसांत मेडिकल न करता ते वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतं. महाग पडतं, पण ज्याला आजारपणामुळे बाहेर कुठे पॉलिसी मिळणार नाही त्याच्यासाठी तेवढाच आधार. पुस्तकात हे दीड ओळीत आहे.

मेडिकेअरचं म्हणाल तर पार्ट ए हॉस्पिटल, बी डॉक्टर आणि आउटपेशंट, सी म्हणजे ॲडव्हांटेज प्लॅन (खासगी कंपन्यांमार्फत), डी औषधं. पार्ट ए फुकट मिळायला स्वतःचे किंवा जोडीदाराचे ४० क्वार्टर्स (साधारण दहा वर्षं टॅक्स भरून केलेलं काम) लागतात. आपल्यापैकी बरेच जण आई-वडिलांना ग्रीन कार्डवर आणतात आणि समजतात की ६५ झाले म्हणजे मेडिकेअर मिळेलच. तसं नाही, ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षं इथे राहिल्यावर ते पैसे भरून घेता येतं, आणि तोपर्यंत कव्हरेजची सोय आपल्यालाच करावी लागते. मेडिगॅपची (मेडिकेअरमध्ये न भरला जाणारा खर्च भरणाऱ्या खासगी पॉलिसीची) ६ महिन्यांची ओपन एनरोलमेंट ६५ पूर्ण असताना पार्ट बी सुरू झाल्यापासून मोजतात, त्या सहा महिन्यांत कंपनी तब्येतीवरून नाकारू शकत नाही, नंतर सहसा नाकारू शकते. आई-बाबांच्या बाबतीत ही विंडो चुकवू नका, मग परीक्षा द्या किंवा देऊ नका. (आणि हो, हेल्थचं लायसन्स मिळालं म्हणजे लगेच मेडिकेअर ॲडव्हांटेज विकता येतं असं नाही, त्याचं दर वर्षी वेगळं ट्रेनिंग आणि टेस्ट असते. व्हेरिएबल प्रॉडक्टसाठी (ज्याची किंमत शेअर बाजाराबरोबर हलते) तर फिनराच्या (गुंतवणूक विकणाऱ्यांवर देखरेख करणारी संस्था) परीक्षा वेगळ्या.)

प्रॉपर्टी-कॅज्युअल्टी करणाऱ्यांसाठी थोडंसं. एचओ-३, एचओ-४, एचओ-६ असे घराच्या विम्याचे फॉर्म पाठ करताना प्रत्येकात राहणारा माणूस डोळ्यासमोर आणा, घरमालक, भाडेकरू, कॉन्डोवाला. कोइन्शुरन्सचं (किमतीच्या ठराविक टक्क्यांपेक्षा कमी विमा काढला तर क्लेमही कमी मिळतो) गणित येणारच, ते असं, इमारतीची किंमत ४,००,००० डॉलर, ८० टक्के म्हणजे ३,२०,००० चा विमा पाहिजे होता, काढला २,४०,००० चा. जितका काढला भागिले जितका पाहिजे होता म्हणजे तीन चतुर्थांश. नुकसान ८०,००० चं झालं तर ६०,०००, त्यातून डिडक्टिबल वजा. आणि फ्लड होमओनर्समध्ये नसतो हे नुसतं लिहून सोडू नका. २०२१ मध्ये आयडा वादळ न्यू जर्सीवरून गेलं तेव्हा बेसमेंट पाण्याने भरलेल्या किती घरांना हे त्या दिवशी कळलं. एनएफआयपीची (केंद्र सरकारच्या फ्लड विमा योजनेची) फ्लड पॉलिसी घराच्या इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० आणि सामानाला १,००,००० पर्यंत, आणि साधारण ३० दिवसांचा वेटिंग पिरियड, म्हणजे वादळाची बातमी आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

प्रॅक्टिस टेस्टबद्दल. एक्झामएफएक्स, केप्लान, ए डी बँकर, जे कुठलं घ्याल ते चालतं, फार तुलना करत बसू नका. पण त्याच त्याच टेस्ट देऊन मार्क वाढतात ते प्रश्न ओळखीचे झाल्यामुळे, समजल्यामुळे नाही. म्हणून उत्तर बरोबर आलं तरी उरलेले तीन पर्याय का चूक ते मनात सांगा, नाही सांगता आलं तर तो विषय परत उघडा. आणि प्रश्न शेवटपर्यंत वाचा, ‘खालीलपैकी सगळे बरोबर आहेत, अपवाद कोणता’ असा प्रश्न भरपूर येतो आणि आपण घाईत पहिला बरोबर पर्याय दिसला की क्लिक करतो. निगेटिव्ह मार्किंग नसतं त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. काही प्रश्न मार्कात न धरले जाणारे, ट्रायलचे असतात, कुठले ते सांगत नाहीत, तेव्हा एखादा कधीच न वाचलेला विषय समोर आला तर घाबरून जाऊ नका, अंदाज करून पुढे सरका.

परीक्षेच्या दिवसासाठी आपल्या लोकांना एक खास सूचना, नाव. बुकिंगमधलं नाव आणि आयडीवरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या जागी वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही जोडलेलं असतं, ड्रायव्हर लायसन्सवर ते मिडल नेम म्हणून वेगळं किंवा अर्धवट कापलेलं, आणि कोर्सच्या सर्टिफिकेटवर आपण घाईत नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव टाकलेलं. हे तिन्ही एकसारखं कोर्सला नाव घालतानाच करून घ्या. बाकी कॅल्क्युलेटर, लिहून खोडायला बोर्ड वगैरे सेंटरच्या नियमाप्रमाणे मिळतं, घरून ऑनलाइन देता येत असेल तरी मी सेंटरवर जाऊनच द्या म्हणेन, लहान मुलं असलेल्या घरात दोन-अडीच तास खोलीत कोणी येणार नाही याची खात्री कोण देणार. निकाल तिथल्या तिथे कळतो.

पास झालात की बऱ्याच राज्यांत फिंगरप्रिंट, मग एनआयपीआर किंवा सर्कॉन या साइटवरून अर्ज, लायसन्स आणि एनपीएन (एजंटचा देशभराचा ओळख नंबर). त्यानंतर दर दोन वर्षांनी सीई, न्यू जर्सीत २४ तास आणि त्यातले ३ एथिक्सचे. पण लायसन्स आलं म्हणजे लगेच विकता येत नाही, कंपनीची अपॉइंटमेंट (त्यांच्या पॉलिसी विकायची नेमणूक) लागते, आणि इथेच नवीन माणसाला गाठणारे बरेच जण असतात. चहाला बोलावतात, स्टेजवर बोलावतात, आधी स्वतःची पॉलिसी घ्या म्हणतात, मग ओळखीच्या पंचवीस लोकांची यादी द्या म्हणतात. सही करण्याआधी त्यांच्याकडून एवढं लेखी घ्या: दोन-तीन वर्षांनी तुम्ही सोडून गेलात तर रिन्युअल कमिशन कोणाचं, पॉलिसी पहिल्या वर्षात लॅप्स झाली तर चार्जबॅक (परत द्यायचं कमिशन) किती आणि कोणाच्या खिशातून, दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसी विकायची मोकळीक आहे की नाही, दुसरीकडे जायचं झालं तर रिलीज (मोकळं केल्याचं पत्र) देतात का, आणि ईअँडओचा (एजंटच्या कामातल्या चुकांसाठीचा) विमा कोण भरतं. लेखी देत नसतील तर चहा पिऊन परत या आणि दुसरीकडे चौकशी करा.